जंगल आपल्या कामाचं नसेल तर?

जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक मियाझाकीचे 'नाउशिका' आणि 'प्रिन्सेस मोनोनोके' हे दोन पिक्चर लोक कायम जोडीने घेतात. एक १९८४ चा, दुसरा १९९७ चा, दोन्हीत जंगल, दोन्हीत एक हट्टी मुलगी, दोन्हीत माणसं शस्त्रं घेऊन जंगलावर चालून जातात आणि जंगलातनं चिडलेले प्राणी उलटे चालून येतात, त्यामुळे 'मियाझाकीचे पर्यावरणावरचे सिनेमे' अशी पाटी लावून दोन्ही एका कप्प्यात टाकले की विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते दुसरा पिक्चर हा पहिल्याशी भांडण आहे, आणि भांडणारा माणूस तोच आहे म्हणून ते जास्त इंटरेस्टिंग आहे. आणि त्या भांडणात दुसऱ्याचीच बाजू खरी आहे, निदान जंगल तोडावं की राखावं हा प्रश्न ज्यांना रोजच्या बातम्यांत दिसतो त्यांच्यासाठी तरी. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत. नेटफ्लिक्सवर दोन्ही २०२० च्या मार्चमध्ये एकदमच आले होते, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी लॉकडाऊनमध्ये पाहिले असतील असं धरून चालतो.

आधी नाउशिका. जग जळून हजार वर्षं झालीत, उरलेल्या जमिनीवर बुरशीचं अवाढव्य विषारी जंगल पसरतंय, त्यात श्वास घेतला तर माणूस मरतो, आणि त्याची राखण करायला ओहमू नावाचे डोंगराएवढे किडे. वाऱ्याच्या खोऱ्यातलं छोटं राज्य समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे कसंबसं टिकून आहे. नाउशिका तिथली राजकन्या, पण खरं तर ती फील्डवर्क करणारी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि हा पिक्चरचा सगळ्यात सुंदर भाग आहे, ती मास्क घालून एकटी त्या जंगलात फिरते, बीजाणू गोळा करते, किल्ल्याच्या तळघरात स्वच्छ पाणी आणि स्वच्छ माती घालून तीच झाडं वाढवते आणि तिला कळतं की विष झाडांत नाहीच, विष मातीत आहे. पुढे ती जंगलाच्या खाली पडते तेव्हा दिसतं की खाली स्वच्छ वाळू आहे, पाणी आहे, हवा आहे. म्हणजे हे जंगल हजार वर्षं माणसाची घाण गाळत बसलंय. यामागे जपानमधल्या मिनामाताचा संदर्भ आहे हे मियाझाकीनेच सांगितलंय: चिस्सो कंपनीने खाडीत पारा सोडला, १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली, लोकांनी तिथली मासेमारी बंद केली, आणि माणूस बाजूला झाल्यावर त्या विषारी पाण्यात मासे मात्र वाढले. हे ऐकून अंगावर काटा येतो, आणि त्यातनं असलं जंगल सुचणं ही मोठ्या माणसाची कल्पनाशक्ती आहे यात वाद नाही.

पण त्या शोधाने कथेचं काय होतं ते बघा. जंगल आपल्याला मारतंय म्हणून जाळा असं खोऱ्यावर चालून आलेल्या सैन्याची सेनापती कुशाना म्हणते, आणि नाउशिकाचं उत्तर काय, तर जाळू नका कारण ते आपल्यासाठीच काम करतंय. जंगल वाचलं पाहिजे कारण ते उपयोगी आहे. बास. भांडणच मिटलं की! कुशानाला एवढी माहिती मिळाली की तीसुद्धा गप्प बसेल, कारण तिचं आणि नाउशिकाचं ध्येय एकच आहे, माणसं जगली पाहिजेत. दोघींमध्ये फरक फक्त माहितीचा.

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. आरे वाचवा म्हणताना 'मुंबईची फुफ्फुसं' हीच घोषणा होती. झाडं ऑक्सिजन देतात, खारफुटी पूर अडवते, मधमाश्या परागीभवन करतात, वाघ राहिला तर नदी राहते. सगळं खरंच आहे आणि कोर्टात ते म्हणावंच लागतं, मी त्या लोकांना नावं ठेवत नाहीये. पण ज्या दिवशी समोरचा वकील उठून म्हणतो की साहेब तेवढाच ऑक्सिजन आम्ही दुसरीकडे झाडं लावून देतो, त्या दिवशी तुमच्या हातात काय उरतं? उपयोगाच्या मुद्द्याला उपयोगाचंच उत्तर मिळतं आणि जास्त पैसे ज्याच्याकडे त्याचं उत्तर जास्त मोठं असतं.

दुसरी गोष्ट शेवटाची. चिडलेल्या ओहमूंच्या लोंढ्यासमोर नाउशिका उभी राहते, चिरडून मरते, आणि मग ओहमू आपल्या सोनेरी तंतूंनी तिला उचलून जिवंत करतात, निळ्या कपड्यांतला कोणीतरी सोनेरी शेतातनं चालत येईल ही जुनी भविष्यवाणी खरी होते, आंधळी म्हातारी रडते, संगीतकार हिसाइशीचं संगीत चढतं. थिएटरात रडू येणार नाही तो माणूस नाही. पण हे देवळातलं रडू आहे. पुढे मियाझाकीचा निर्माता झालेल्या सुझुकीने नंतर सांगितलंय की मियाझाकीच्या मूळ शेवटात ओहमू तिच्यासमोर येऊन थांबतात इतकंच होतं, ती मरून परत उठते हे सुझुकी आणि ताकाहाता यांनी सुचवलं. आणि गंमत म्हणजे त्याच ताकाहाताने, जो या पिक्चरचा निर्माता होता, निर्माता म्हणून शंभर मार्क देतो पण मित्र म्हणून तीसच अशी कमेंट केली. मियाझाकी स्वतःही त्या धार्मिक थाटाच्या शेवटावर कधी खूश नव्हता.

खूश नव्हता याचा पुरावा मुलाखतींपेक्षा मांगात, म्हणजे त्याच गोष्टीच्या त्याने काढलेल्या कॉमिकमध्ये आहे. नाउशिकाचा मांगा त्याने १९८२ ला सुरू केला, पिक्चर आला तेव्हा गोष्ट अजून कुठच्या कुठे होती, आणि तो मांगा संपला १९९४ मध्ये. मध्ये त्याचा स्टुडिओ जिबली निघाला, तोतोरो, किकी हे पिक्चर झाले, आणि हा माणूस मध्ये मध्ये थांबून परत या मांगाकडे येतोय. आणि शेवटी त्याने काय केलं तर पिक्चरमधला तो गोड शोधच मोडून टाकला. ते जंगल निसर्गाने बनवलेलं नाहीच, जुन्या शास्त्रज्ञ माणसांनी पृथ्वी साफ करायला डिझाईन केलेलं आहे, आणि आत्ताची माणसंही त्यांनीच विषात जगतील अशी बदललेली आहेत, म्हणजे जंगलाचं काम पूर्ण झालं आणि हवा स्वच्छ झाली की ही माणसं त्या स्वच्छ हवेत मरणार. शुवा नावाच्या शहरातल्या थडग्यात पुढची 'शुद्ध' माणसं अंड्यांत साठवून ठेवलीयत. नाउशिका ते सगळं नष्ट करते. जी मुलगी पिक्चरमध्ये देवदूत होती ती मांगात एका अख्ख्या मानवजातीचा शेवट करते आणि वर आपल्या लोकांशी खोटं बोलते. ज्यांनी फक्त पिक्चर पाहिलाय त्यांना हे वाचून धक्का बसतो, बसायलाच पाहिजे.

१९९४ ला हे संपवलेला माणूस १९९७ ला मोनोनोके काढतो. त्यामुळे तो नाउशिकाचा सिक्वेल-टाईप प्रकार आहे, तीच थीम जास्त बजेटमध्ये आहे वगैरे जे लिहिलं जातं ते वाचून मला चिडचिड होते.

मोनोनोकेत जंगल कोणाच्याही कामाचं नाहीये. हा साधा मुद्दा आहे पण तो कोणी बोलत नाही. शिशिगामी, म्हणजे त्या जंगलाचा देव, हरणाच्या अंगाचा आणि माणसासारख्या चेहऱ्याचा, तो कोणाला काही देत नाही, काही शिकवत नाही, एक शब्द बोलत नाही. नायक आशिताकाला लागलेली गोळीची जखम तो बरी करतो पण त्याच्या हाताला लागलेला शाप तसाच ठेवतो. त्याच्यासाठी जीव द्यायला आलेल्या ओक्कोतो या म्हाताऱ्या रानडुकराचा आणि मोरो लांडगीचा जीव तोच काढून घेतो. भक्तांना काहीही मिळत नाही. इथे खाली स्वच्छ वाळू नाही, गुपित नाही, शास्त्रीय खुलासा नाही. जंगल आहे, ते जुनं आहे, आणि त्यात दुसरं कोणीतरी राहतंय. एवढ्यावर ते तोडू नये असं वाटतं का? पिक्चर हे विचारतो आणि तुमच्या मदतीला उपयोगाची एकही कुबडी देत नाही.

आणि मग समोर जंगलाकडेला लोखंडाचं गाव चालवणाऱ्या एबोशीला उभी करतो. ही बाई म्हणजे पिक्चरची कमाल आहे. तातारा म्हणजे लोखंड गाळायची मातीची भट्टी, त्यात लोहवाळू आणि कोळसा थरावर थर टाकत राहायचं आणि भाता थांबू द्यायचा नाही, पिक्चरमध्ये बायका चार दिवस पाच रात्री आळीपाळीने तो भाता पायांनी तुडवतात. या बायका कुंटणखान्यातनं एबोशीने पैसे भरून सोडवून आणलेल्या आहेत. हसतात, नवऱ्यांना शिव्या घालतात, पोटभर जेवतात, आणि कोणी त्यांच्या अंगाला हात लावत नाही. मागच्या एका बागेत, जिथे गावातलं कोणी जात नाही, तिथे पट्ट्या गुंडाळलेले कुष्ठरोगी बंदुका बनवतात. त्यातला एक मरायला टेकलेला म्हातारा आशिताकाला सांगतो की या बाईने आमचं सडलेलं मांस धुतलं, आम्हाला माणूस म्हणून बघणारी ही एकटीच. मियाझाकी राहतो त्या भागाजवळ तामा झेनशोएन ही कुष्ठरोग्यांची जुनी वसाहत आहे, तो तिथे जायचा, आणि त्यांना कोंडून ठेवणारा कायदा जपानने रद्द केला तो थेट १९९६ मध्ये, म्हणजे हा पिक्चर बनत असताना. तेव्हा ती बाग ही सजावट नाहीये.

आता सांगा हिला थांबवायचं कसं? कारण त्या बायकांचं जेवण, त्या रोग्यांची इज्जत, सगळं लोखंडावर चाललंय, लोखंड कोळशावर, आणि कोळसा जंगल तोडूनच. वाळूसाठी डोंगरही फोडायचा. नाउशिकातली कुशाना घ्या तुलनेला. तिलाही एक इतिहास आहे, किड्यांनी तिचा हात तोडलाय, ती कृत्रिम हात लावून फिरते, तीसुद्धा नुसती दुष्ट नाही. पण कुशानामुळे कोणाचं पोट भरतंय हे आपल्याला दिसत नाही, त्यामुळे ती हरली तरी आपल्याला काही वाटत नाही. एबोशीचाही हात शेवटी जातो, मोरोचं तुटलेलं मुंडकं येऊन तो तोडतं. एक बाई हात गमावून गोष्टीत येते आणि रागाने जंगल जाळायला निघते, दुसरी हात गमावून गोष्टीच्या शेवटाला पोचते आणि म्हणते परत सुरुवात करू, चांगलं गाव बसवू. तेरा वर्षांत दिग्दर्शक कुठून कुठे आला ते या दोन हातांत दिसतं.

इथे एक अवांतर. एबोशी बघताना मराठी माणसाला आनंदवन आठवल्याशिवाय राहत नाही. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात कुष्ठरोग्यांना घेऊन विहिरी खणल्या, शेती उभी केली, 'दान नको काम द्या' म्हटलं. आणि तोच माणूस १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदेकाठी जाऊन राहिला, धरणाच्या विरोधात. रोग्यांना उभं करायचं म्हणजे जमीन फोडावी लागते आणि नदी वाचवायची म्हणजे कोणाच्या तरी पाण्याला विरोध करावा लागतो, हे दोन्ही एकाच माणसाने केलं. एबोशी भली की बुरी असा प्रश्न आपल्याला तरी पडायला नको.

मोनोनोकेवर नेहमीचा आक्षेप असा की हा पिक्चर कुंपणावर बसतो. जंगलही बरोबर, कारखानाही बरोबर, सगळ्यांच्याच बाजू समजून घ्या आणि घरी जा. आणि असल्या 'दोन्ही बाजू'वाल्या बोलण्याचा फायदा कायम बंदूकवाल्याला होतो. आक्षेप वजनदार आहे. पण पिक्चरमध्ये तसं घडत नाही. एक तर आशिताका मध्यस्थ बनून बाहेरनं आलेला नाही. तो लांब पूर्वेच्या एमिशी गावचा, त्याच्या गावावर एक पिसाळलेलं रानडुक्कर चालून येतं, ते मारताना त्याच्या हाताला शाप लागतो, आणि त्या डुकराच्या पोटातनं निघते एक लोखंडी गोळी, एबोशीच्या बंदुकीची. म्हणजे ज्याने ना लोखंड विकलं ना जंगल तोडलं, ज्याला ताताराचं नावही माहीत नव्हतं, तो बिल भरतोय. मिनामाताच्या कोळ्यांचं दुसरं काय झालं होतं? नाउशिकात हा संदर्भ मासे वाढले म्हणून आला, मोनोनोकेत तो आजारी पडलेल्या माणसाच्या अंगाने आला, आणि मला हा दुसरा वापर जास्त प्रामाणिक वाटतो.

दुसरं म्हणजे यात व्हिलन नाही असं म्हणतात तेही अर्धंच खरंय. शिशिगामीचं मुंडकं कोणाला पाहिजे? सम्राटाला, अमर व्हायला. त्याच्या वतीने जिगो नावाचा गोलमटोल हसरा भिक्षू कागद घेऊन फिरतो. तिकडे आसानो नावाच्या सरदाराला आयतं लोखंड पाहिजे, म्हणून एबोशी जंगलात गेल्या गेल्या त्याचे सामुराई गावावर हल्ला करतात आणि बायका बंदुका घेऊन तटावर उभ्या राहतात. सम्राट पूर्ण पिक्चरमध्ये एकदाही दिसत नाही. ज्याच्या हुकमाने देव मारला जातो तो फ्रेममध्येच नाही! रानडुकरं मरतात, गाववाले मरतात, मोरो मरते, एबोशीचा हात जातो, आणि जिगो शेवटी मूर्खांपुढे आपलं काही चालत नाही म्हणत हसत बसलेला असतो, त्याला खरचटतही नाही. याला कुंपणावर बसणं म्हणत असाल तर ते कुंपण बरंच उंचावर आहे, तिथनं नीट दिसतं कोण कोणाला लढवतंय.

(कापाकापीचा एक किस्सा जाता जाता: नाउशिका अमेरिकेत १९८५ ला वीसेक मिनिटं कापून 'वॉरियर्स ऑफ द विंड' नावाने लावला होता, आणि जे कापलं त्यात नेमके हे शांत, विचार करणारे भाग होते, उरला किड्यांशी मारामारीचा पिक्चर. म्हणून मोनोनोकेच्या वेळी सुझुकीने तिथल्या वितरक मिरामॅक्सच्या हार्वी वाइनस्टीनला एक तलवार भेट दिली, सोबत निरोप, कापायचं नाही.)

आता सान, म्हणजे मोनोनोकेतली हट्टी मुलगी. नाउशिका सगळ्यांना माफ करते, बापाला मारणाऱ्यांना, पिल्लू ओहमूला टोचून आमिष बनवणाऱ्यांना, सगळ्यांना. सुरुवातीला रागात ती सैनिक मारते खरी, पण पिक्चर तिला त्यातनं वर काढतो आणि संत बनवतो. सानला तसलं काही बनायचं नाहीये. तिच्या आईबापाने स्वतःचा जीव वाचवायला तिला लांडगीच्या पायाशी टाकलं होतं, मोरोने तिला वाढवलं, ती ना माणसांची ना पूर्ण लांडग्यांची. शेवटी मुंडकं परत दिलं जातं, देव कोसळतो, सकाळी डोंगर हिरवे होतात, आणि दुसरा कोणी दिग्दर्शक असता तर इथे दोघांचं लग्न लावून मोकळा झाला असता. सान म्हणते जंगल परत आलं तरी हे शिशिगामीचं जंगल नाही. आणि आशिताका तू मला आवडतोस पण माणसांना मी माफ करू शकत नाही. तो म्हणतो चालेल, तू जंगलात राहा, मी तातारात राहतो, भेटायला येत जाईन. त्याच्या हातावरचा शापाचा डाग फिका होतो, पूर्ण जात नाही. हा पिक्चर त्या वर्षी जपानमध्ये स्पिलबर्गच्या 'ईटी'चा कमाईचा रेकॉर्ड मोडून गेला, लाखो लोक असला कडू शेवट बघायला रांगा लावून उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांना गोडच लागतं हे मला सांगू नका.

खऱ्या इतिहासात काय झालं तेही सांगायला पाहिजे, कारण एबोशीचं 'चांगलं गाव' म्हणजे नक्की काय हे पिक्चर दाखवत नाही. पश्चिम जपानात, आजच्या शिमाने भागात, तातारा पुढेही शेकडो वर्षं चालल्या. एदो काळात (१६०३ ते १८६८) डोंगर फोडून माती पाटाच्या पाण्यात सोडायचे, जड लोहवाळू खाली बसायची आणि बाकीचा गाळ नदीत, त्याने हिई नदीचं पात्र वर आलं, खालच्या शेतकऱ्यांची बोंब सुरू झाली. त्यातनं नियम निघाला की हे धुण्याचं काम शेतीचा हंगाम सोडून, शरद संपातापासून वसंत संपातापर्यंतच करायचं. कोळशाचं जंगल साधारण तीस वर्षांच्या फेऱ्यात तोडायचं, म्हणजे एक तुकडा तोडला की तो परत वाढेपर्यंत दुसरे. फोडून सपाट झालेल्या डोंगरांवर भाताची खाचरं झाली, त्याच भागातल्या ओकुइझुमोला ती अजून आहेत. शेवटी तातारा बंद पडल्या त्या कुठल्या देवाच्या कोपाने नाही, परदेशी लोखंड आणि मोठ्या झोतभट्ट्या आल्या म्हणून. हे वाचताना मला फार बरं वाटतं, कारण यात चमत्कार नाही, प्रेमही नाही, वर्षानुवर्षं चाललेली कटकटीची वाटाघाट आहे, आणि ती बऱ्यापैकी चालली. आशिताका तातारात राहून याहून वेगळं काय करणार होता?

पण त्या वाटाघाटीत लोखंडवाले आणि शेतकरी बसले होते, दोन्हीकडे माणसंच. जंगलही राखलं ते कोळशासाठी, म्हणजे परत उपयोगापाशीच आलो. मोरोच्या बाजूने बोलणारं तिथे कोणी नव्हतं. होन्शू या जपानच्या मुख्य बेटावरच्या लांडग्याची शेवटची पक्की नोंद १९०५ ची आहे, नारा भागातली, त्यानंतर तो संपला. त्यामुळे सानने माफी नाकारली ती मला हट्ट वाटत नाही, तिला हिशोब कळला होता असं वाटतं. आता यावर कोणी म्हणेल की मग नाउशिकाच बरा, निदान काहीतरी आशा देतो, आणि आशिताकाच्या 'भेटायला येत जाईन' या शब्दावर कोणी जंगल सोपवतं का. बरोबर आहे, त्याच्यावर मी वाद घालायला तयार आहे, फक्त सुरुवात ऑक्सिजनपासून करायची नाही.